नाताळची कापडी सजावट : अर्थ, साहित्य आणि शिवणकृती

आगमनकाळ सुरू झाला की ख्रिस्ती घराघरांतून सजावटीची लगबग दिसू लागते. ओटीवर तारा टांगला जातो, अंगणात वा कोपऱ्यात गोठा उभा राहतो, दाराला तोरण लागते. यातील बराचसा माल आज बाजारातून तयार मिळतो. तो स्वस्त असतो, चकचकीत असतो आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो कचऱ्याच्या गाडीत जातो. याउलट घरी शिवलेली कापडी सजावट वर्षानुवर्षे टिकते, दर नाताळाला पेटीतून बाहेर निघते आणि ती कोणी शिवली, कोणत्या वर्षी शिवली याची आठवण घरात सांगितली जाते. या सजावटीचा अर्थ, तिची परंपरा, कापडाची निवड, टाके, काही नमुने आणि घ्यावयाची काळजी यांची माहिती एकत्र मिळावी, या हेतूने आम्ही हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत. सुई हाती धरणाऱ्या भगिनींना यातील काही गोष्टी ठाऊकच असतील. ज्यांनी आजवर सुई धरली नाही, अशा तरुण-तरुणींना व पुरुष वाचकांनाही हा लेख उपयोगी पडेल अशी आमची अपेक्षा आहे.

पहिल्या नाताळातील कापड

नाताळच्या वृत्तांतात कापडाला स्वतःचे स्थान आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, सातव्या वचनात, मरियेने आपल्या प्रथम पुत्राला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचे सांगितले आहे. पुढे बाराव्या वचनात देवदूत मेंढपाळांना खूण देतो ती याच बाळंत्याची व गव्हाणीची. सोने, ऊद व गंधरस घेऊन मागी लोक नंतर आले. त्यांची हकिकत मत्तयकृत शुभवर्तमानात येते. बाळाच्या अंगाला लागलेली पहिली वस्तू मात्र आईच्या हातचे कापड होती. पॅलेस्टाइनमध्ये त्या काळी नवजात बालकाला कापडाच्या लांब पट्ट्यांनी गुंडाळण्याची पद्धत होती. आपल्याकडेही जुन्या मऊ लुगड्याची बाळंती करण्याची चाल होती, हे आपल्या आजीबाईंना विचारले तर त्या सांगतील. म्हणून नाताळची सजावट कापडाची असावी यात काही नवल नाही.

युरोपातील परंपरा

इ.स. 1223 च्या नाताळात असिसीकर संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या गावी गवत, बैल व गाढव आणवून ख्रिस्तजन्माचे दृश्य उभे केले. तेथे मूर्ती नव्हत्या. जमलेली माणसेच त्या दृश्याचा भाग झाली. पोप फ्रान्सिस यांनी 1 डिसेंबर 2019 रोजी त्याच ग्रेच्चो गावी गोठ्याच्या अर्थाविषयी 'अद्मिराबिले सिग्नुम' या प्रेषितपत्रावर स्वाक्षरी केली. घरांप्रमाणेच शाळा, रुग्णालये, तुरुंग व कामाच्या जागी गोठे उभारण्याच्या प्रथेला त्यांनी त्या पत्रातून उत्तेजन दिले.

गोठ्यात कापडाला मानाची जागा मिळवून दिली ती नेपल्स शहराने. अठराव्या शतकातील नेपल्सच्या गोठ्यांतील मूर्तींचे डोके व हातपाय भाजलेल्या मातीचे वा लाकडाचे असत. धड तारेचे असून त्याभोवती तंतू गुंडाळलेले असत आणि त्यावर खऱ्या कापडाचे, खऱ्या टाक्यांनी शिवलेले कपडे चढविलेले असत. धड तारेचे असल्याने मूर्ती हवी तशी वाकविता येई. राजा चार्ल्स यांना या गोठ्याची आवड होती व राणी मारिया अमालिया दरबारातील स्त्रियांसह मूर्तींचे कपडे शिवीत असत, असे परंपरेने सांगितले जाते. अशा मूर्तींचा मोठा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात आहे.

नाताळच्या लोकरी वा कापडी मोज्यामागे संत निकोलस यांची कथा आहे. ते चौथ्या शतकात मायरा या नगराचे बिशप होते. हे स्थान आज तुर्कस्तानात आहे. एका गरीब पित्याच्या तीन मुलींचे हुंड्यावाचून विवाह होत नव्हते आणि त्यांच्यावर देहविक्रयाची पाळी येणार होती. संत निकोलस यांनी रात्री गुपचूप त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. कथेच्या पुढील काळातील रूपात हे सोने चुलीजवळ वाळत घातलेल्या मोज्यात पडले, असे सांगितले जाते. मुलांनी पलंगाला बांधलेल्या मोज्यात चॉकलेट शोधावे, यात गैर काही नाही. तथापि ही कथा मुळात हुंड्यापायी अडलेल्या मुलींची व गाजावाजा न करता केलेल्या दानाची आहे, हे आपल्या समाजाने विसरता कामा नये. संत निकोलस यांचा सण 6 डिसेंबर रोजी येतो. मोजा शिवताना मुलांना ही कथा सांगण्यास तो दिवस योग्य होय.

नाताळपर्यंतचे दिवस मोजणारी आगमनकाळाची दिनदर्शिका ही एकोणिसाव्या शतकातील जर्मनीची देणगी. भिंतीवर खडूच्या रेघा मारून दिवस मोजण्यापासून तिचा आरंभ झाला. छापील दिनदर्शिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीस आल्या. आज तिची कापडी, खिशाखिशांची आवृत्ती अनेक देशांत घरोघरी शिवली जाते.

आपल्याकडील सुईदोऱ्याचे धन

जुन्या कापडाला नवे रूप देण्याची कला आपल्याला परदेशातून आणण्याची गरज नाही. महाराष्ट्रात गोधडी, वाकळ व कौदी या नावांनी ती घरोघरी होती. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून धावदोरा घालीत जाणे, ही तिची रीत. साध्या धावदोऱ्याच्या ओळींनी कापडाचे थर कसे घट्ट धरले जातात, हे गोधडीइतके दुसरे काही शिकवीत नाही.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ व यल्लापूर परिसरात राहणाऱ्या सिद्दी समाजाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. आफ्रिकी वंशाच्या या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते. या समाजात ख्रिस्ती, मुस्लिम व हिंदू अशा तिन्ही धर्मांचे लोक आहेत. सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून 'कवंदी' शिवतात. हे काम कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्यावर येऊन संपते. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे 'फूल' लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. ख्रिस्ती सिद्दी स्त्रियांच्या कवंदीवर क्रुसाची आकृतीही आढळते. कापडाच्या चार घड्यांचे हे फूल नाताळच्या तोरणाच्या टोकांना फार शोभून दिसते.

वसईच्या ख्रिस्ती समाजात नऊवारी लाल लुगडे ही जुन्या पिढीची ओळख होती. आज ते बहुधा सणासमारंभात व सांस्कृतिक कार्यक्रमांत दिसते. गोव्यात व वसईत वेदीची वस्त्रे व घरच्या देव्हाऱ्यावरील आच्छादने यांना क्रोशाची जाळीदार किनार विणून लावण्याची रीत आहे. ज्या घरात क्रोशाची सुई आहे, त्या घरात नाताळच्या सजावटीची अर्धी तयारी झालेली आहे असे समजावे.

कायदा काय सांगतो

आपल्या गोठ्यांत व व्यासपीठांवर अनेक वर्षे थर्माकोलचा मुक्त वापर होत आला. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी घातली. केंद्र शासनाच्या नियमांनुसार 1 जुलै 2022 पासून सजावटीचे थर्माकोल देशभर निषिद्ध झाले. धर्मग्रामातील गोठा-स्पर्धांच्या संयोजकांनी याची नोंद घ्यावयास हवी. जाड पुठ्ठा, बांबू, गोणपाट, मांजरपाट व गवत या साहित्याने डोंगर, गुहा व घरे उत्तम उभी राहतात. गोणपाटावर पातळ खळ लावून ते चुरगाळून वाळविले तर त्याचा खडक होतो आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा वापरता येतो.

कापडाची निवड

सजावटीसाठी पुढील कापडे उपयोगी पडतात.

*मांजरपाट :* स्वस्त, मजबूत व रंगविण्यास सोपे. शिवण्यापूर्वी ते धुऊन घ्यावे, कारण पहिल्या धुण्यात ते आटते व त्यातील खळ निघून जाते.

*सुती छापील कापड :* शिंप्याकडे उरलेले तुकडे सहज मिळतात. लाल व गडद हिरव्या कापडाचा रंग जातो की नाही, हे आधी पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड चोळले असता फडक्यावर डाग उतरला, तर ते पांढऱ्या कापडाशेजारी शिवू नये.

*खण :* कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणले जाणारे हे कापड महाराष्ट्रात चोळीसाठी परिचित आहे. त्याच्या काठाची पट्टी तारा वा मोज्याच्या वरच्या कडेला सुंदर दिसते. याचे सूत कापल्यावर पटकन उसवते. म्हणून माया जास्त ठेवावी.

*फेल्ट :* हे विणलेले नसते. लोकरीच्या तंतूंना पाणी, उष्णता व घर्षण मिळाले की ते एकमेकांत गुंततात व त्यांचा थर बनतो. सूत नसल्याने कापलेली कड उसवत नाही, त्यामुळे लहान मुलांनाही त्यावर काम करता येते. मात्र दुकानांत फेल्ट या नावाने मिळणारे बहुतेक कापड कृत्रिम धाग्यांचे असते.

कापड कशाचे आहे हे ओळखण्याची जुनी परीक्षा अशी. चिमट्यात एक-दोन धागे धरून ते थाळीवर जाळावेत. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख उरते. लोकर वा रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. कृत्रिम धागा वितळतो व त्याची कठीण गोळी होते. ही परीक्षा मोठ्या माणसांनीच, पाणी जवळ ठेवून करावी.

साहित्य आणि टाके

बारीक व मध्यम सुया, कात्री, टाचण्या, अंगुस्तान, टेलर खडू, मोजपट्टी, साधा दोरा व भरतकामाचा दोरा एवढे साहित्य पुरे. भरतकामाच्या सुती दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. सजावटीच्या कडेसाठी त्यांतील दोन वा तीन पदर सुटे करून घ्यावेत. दोरा हाताच्या कोपरापर्यंत येईल इतकाच लांब घ्यावा. लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही, गुंता वाढतो.

टाके पाच आले तरी सारे नमुने करता येतात. दोन थर जोडण्यासाठी *धावदोरा*. मजबूत शिवणीसाठी *उलटटीप* : एक टाका पुढे घेऊन सुई पुन्हा मागील टाक्याच्या टोकात घालावी, ही टीप यंत्राच्या टिपेसारखी दिसते. फेल्टची कड बांधण्यासाठी *काजटाका* : काजे करताना घालतो तोच, पण थोडा विरळ, अर्धा सेंटिमीटर अंतराने. नावे व वर्षे लिहिण्यासाठी *साखळी टाका*. डोळे, बेरी व ताऱ्यांचे ठिपके यांसाठी *गाठीचा टाका* : सुईभोवती दोऱ्याचे दोन वेढे घेऊन सुई जवळच परत खाली घालावी.

आत भरण्यासाठी जुन्या उशीचा स्वच्छ पिंजलेला कापूस, सावरीचा कापूस वा चिंध्यांचे बारीक तुकडे चालतात. वजनासाठी तांदूळ वा कडधान्य भरण्याची सूचना काही ठिकाणी वाचावयास मिळते. आपल्या दमट हवेत पुढच्या नाताळापर्यंत त्यात पोरकिडे होतात, म्हणून ते टाळावे. वजन हवे असल्यास धुऊन वाळविलेले छोटे खडे पुरचुंडीत बांधून तळाशी ठेवावेत.

नमुना 1 : पाच टोकांचा तारा

जाड कागदावर 6 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. कोनमापकाने दर 72 अंशांवर एक, अशा पाच खुणा कराव्यात. शेजारच्या दोन खुणांतील सरळ अंतर साधारण 7 सेंटिमीटर येते. एक आड एक खुणा जोडल्या की तारा मिळतो. यात आतले कोपरे केंद्रापासून सुमारे 2.3 सेंटिमीटरवर येतात व टोके फार अरुंद होतात. कापूस भरावयाचा असेल तर आतले कोपरे केंद्रापासून 3 सेंटिमीटरवर घ्यावेत. टोके रुंद होतात व उलटविणे सोपे जाते.

सुती कापडाचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडावेत. फर्म्याभोवती पाऊण सेंटिमीटर माया सोडून कापावे. उलटटीप घालावी, एका बाजूस 3 सेंटिमीटर जागा उघडी ठेवावी. उलटविण्यापूर्वी आतल्या कोपऱ्यांत टिपेच्या अगदी जवळपर्यंत कात्रीने छेद द्यावा व टोकांची जादा माया कापावी. हा छेद दिला नाही तर तारा आक्रसलेला दिसतो. बोथट काडीने टोके बाहेर काढून कापूस आधी टोकांत व मग मध्ये भरावा. उघडी जागा बारीक टाक्यांनी बंद करावी. फेल्टचा तारा मायेशिवाय कापून, उलटविल्याविना, कडेने काजटाका घालून पुरा होतो.

नमुना 2 : संत निकोलस यांचा मोजा

मोज्याची उंची 35 व पावलाची लांबी 24 सेंटिमीटर ठेवावी. 110 सेंटिमीटर पन्ह्याच्या अर्ध्या मीटर कापडात असे दोन मोजे होतात. अस्तरासाठी तेवढेच साधे कापड लागते. कापड सुलट बाजू आत घेऊन दुमडून कापावे, म्हणजे दोन्ही तुकडे परस्परांच्या उलट येतात. सरसकट 1 सेंटिमीटर माया व वर दुमडण्यासाठी 4 सेंटिमीटर सोडावे. बाहेरचा मोजा व अस्तर वेगवेगळे शिवून, घोट्याच्या वळणावर मायेला तीन-चार छेद देऊन, अस्तर आत बसवावे व वरची कड एकत्र दुमडून शिवावी. टांगण्याची नाडी शिवणीवर दुहेरी टाक्यांनी बसवावी. मोज्याचा सारा भार तिच्यावर पडतो. घरच्यांसाठी मोजे शिवताना एक मोजा जास्तीचा शिवावा आणि त्यात जे जमेल ते घालून, नाव न लिहिता, गरजू घरी पोहोचवावा. संत निकोलस यांच्या कथेशी इमान राखण्याचा हाच मार्ग होय.

नमुना 3 : आगमनकाळाचा पट

बाजारातील दिनदर्शिका 1 डिसेंबरला सुरू होते व तिला 24 घरे असतात. उपासना वर्षातील आगमनकाळ मात्र नाताळपूर्वीच्या चार रविवारांवर ठरतो. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या दरम्यान कधीही सुरू होतो, म्हणून त्याचे दिवस 22 ते 28 असतात. 2022 साली तो 28 दिवसांचा होता, 2023 साली 22 दिवसांचा. म्हणून आमच्या मते घरच्या पटाला चार आठवड्यांच्या चार ओळी व प्रत्येक ओळीत सात असे 28 खिसे असावेत. प्रत्येक ओळ रविवारी सुरू होईल. ज्या वर्षी दिवस कमी असतील त्या वर्षी शेवटच्या ओळीतील काही खिसे रिकामे राहतील.

पटासाठी 67 सेंटिमीटर रुंद व 60 सेंटिमीटर उंच मांजरपाट घेऊन कडा दुमडाव्यात. खिशांसाठी 65 बाय 12 सेंटिमीटरच्या चार पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीची वरची कड 2 व उरलेल्या तीन कडा 1 सेंटिमीटर दुमडल्या की 63 बाय 9 सेंटिमीटरची पट्टी मिळते. वरची कड मोकळी ठेवून ती पटावर शिवावी आणि दर 9 सेंटिमीटरवर उभी टीप घालावी. सात खिसे तयार होतात. ओळींमध्ये 3 सेंटिमीटर अंतर ठेवावे. तिसऱ्या ओळीचा पहिला खिसा गुलाबी कापडाचा करावा, कारण आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी रंगाची उपासना वस्त्रे वापरता येतात. खिशांत गोळ्या-चॉकलेटाबरोबर चिठ्ठ्या ठेवाव्यात : आज आजारी शेजाऱ्याला भेटावे, आज गावी आजोबांना फोन करावा, आज यशयाच्या अकराव्या अध्यायातील पहिले वचन वाचावे.

नमुना 4 : कापडी गोठा

मातीच्या व प्लास्टरच्या मूर्ती मुलांच्या हाती देता येत नाहीत. कापडी मूर्ती देता येतात, हा त्यांचा मोठा गुण. सात-आठ सेंटिमीटर व्यासाचे अर्धवर्तुळाकार फेल्ट गुंडाळून शंकू करावा, आत खड्यांची पुरचुंडी ठेवावी व वर कापसाच्या गोळीवर मांजरपाट ताणून केलेले डोके टाक्यांनी घट्ट बसवावे. पवित्र मरियेस निळे, संत योसेफास तपकिरी व मेंढपाळांस गोणपाटाचे वा घोंगडीच्या तुकड्याचे पांघरूण घालावे.

बाळ येशूची मूर्ती सर्वांत सोपी. कापसाच्या लांबट गुंडाळीवर 4 सेंटिमीटर रुंद व 40 सेंटिमीटर लांब पांढरी मऊ पट्टी वेढीत जावी व शेवटचे टोक दोन टाक्यांनी पक्के करावे. हे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडून करवून घ्यावे. शुभवर्तमानातील बाळंते म्हणजे काय, हे त्याला यातून कळते. नाताळच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवून मिस्सावरून परतल्यावर मूर्ती ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे; ती चालू ठेवावी.

रंगांचा अर्थ

लाल-हिरवी जोडी बाजाराने रूढ केली आहे व ती वाईट नाही. उपासनेचे रंग मात्र वेगळे आहेत, आणि सजावट टप्प्याटप्प्याने बदलावयाची असल्यास ते मार्गदर्शक ठरतात. आगमनकाळाचा रंग जांभळा. नाताळाचा रंग पांढरा वा सोनेरी. 26 डिसेंबरला संत स्तेफन व 28 डिसेंबरला निरपराध बालके यांच्या सणांना लाल, कारण तो रक्तसाक्ष्यांचा रंग आहे. नाताळकाळ 25 तारखेला संपत नाही. तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. सजावट 26 तारखेला उतरविण्याची घाई करू नये.

काय कापावे, काय कापू नये

जुन्या कपड्यांना कात्री लावण्यापूर्वी विचार करावा लागतो, आणि यावरून घरात मने दुखावल्याची उदाहरणे आमच्या कानावर येतात. दिवंगत आईचे वा आजीचे लुगडे ही साऱ्या भावंडांची ठेव असते. एकीने हौसेने त्याचे तारे शिवावेत आणि दुसरीने ते डिसेंबरात भिंतीवर पाहून रडावे, असे होऊ नये. आमचे मत असे : जे लुगडे धडधाकट आहे ते अखंड ठेवावे. हातमागाचे जुने लाल लुगडे पुन्हा मिळणे कठीण आहे. जे विरले, फाटले आहे त्याचे शाबूत तुकडे सर्वांना विचारून कापावेत आणि प्रत्येक भावंडाच्या घरी एकेक तारा जावा. ताऱ्याच्या मागे तिचे नाव व वर्ष साखळी टाक्याने लिहावे. मग ती सजावट न राहता स्मरण होते.

दुसरी गोष्ट चर्चच्या वस्त्रांची. धर्मगुरूंची जुनी उपासना वस्त्रे, वेदीची वस्त्रे, पवित्र पात्रांखाली अंथरावयाची वस्त्रे यांचे जरीचे काठ मोह पाडणारे असतात. तथापि आशीर्वादाने वा समर्पणाने उपासनेसाठी राखलेल्या वस्तू आदराने हाताळाव्यात व इतर कामी लावू नयेत, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 1171 वे कलम सांगते. ती जीर्ण झाल्यास जाळून वा पुरून त्यांचे विसर्जन करण्याची परंपरा आहे. त्यांपासून मोजे वा तोरणे करू नयेत. शंका असल्यास प्रमुख धर्मगुरूंना विचारावे.

सुरक्षितता आणि जपणूक

कापड व ज्योत यांचा मेळ धोक्याचा आहे. मेणबत्तीपासून कापडी सजावट निदान 30 सेंटिमीटर दूर असावी व वर टांगलेली नसावी, कारण उष्णता वर चढते. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांच्या चक्राला कापडी पाने लावली असतील तर त्यात विजेऱ्यांवर चालणाऱ्या मेणबत्त्या ठेवाव्यात. कापडी ताऱ्याच्या आत फक्त एलईडी दिवा लावावा. तापणारा जुना बल्ब लावू नये. घरातील सारे मिस्साला जाताना दिव्यांची माळ बंद करावी. कृत्रिम कापड वितळून त्वचेला चिकटते, म्हणून मुलांच्या हाती राहणाऱ्या वस्तू सुती असाव्यात. तीन वर्षांखालील मुलांच्या घरी मणी व बटणे शिवू नयेत. त्यांऐवजी गाठीचे टाके घालावेत. काम सुरू करताना सुया व टाचण्या मोजाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात.

सजावट उतरविल्यावर तिला दोन दिवस ऊन द्यावे, रंगीत बाजू मात्र सावलीकडे ठेवावी. किनारपट्टीच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवलेल्या कापडाला बुरशी येते. त्याऐवजी सुती पिशवीत, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावे आणि गणपतीनंतरच्या उघडिपीत एकदा हवा द्यावी. लोकरी वस्तूंना कसर लागते, त्यांवर विशेष लक्ष असावे.

श्रमाचे मोल

शेवटी एका अवघड विषयाला हात घालणे आम्हांस आवश्यक वाटते. धर्मग्रामांतील नाताळ विक्री-मेळ्यांत कापडी तारे व मोजे मांडले जातात. समजा, एका ताऱ्याला तीस रुपयांचे साहित्य लागले, शिवावयास दोन तास लागले आणि तो साठ रुपयांना विकला. म्हणजे शिवणाऱ्या भगिनीच्या तासाला पंधरा रुपये पडले. तरीही टेबलापाशी उभे राहून 'पन्नासला द्या' म्हणणारे आपल्यातच असतात, आणि तेच लोक यंत्रावर झालेल्या वस्तूची छापील किंमत निमूट मोजतात. ज्या सजावटीने आपण निर्धनतेत जन्मलेल्या बाळाचा गौरव करतो, तिच्यात कोणाचे श्रम फुकट जाता कामा नयेत.

याकरिता तीन गोष्टी करता येतील. किंमत ठरविताना साहित्याबरोबर तास मोजावेत व तो हिशेब फलकावर लिहावा. विक्रीचा पैसा धर्मादाय कामासाठी असेल तर तसे आधी सांगून शिवणाऱ्यांची संमती घ्यावी. जिचे घर शिवणावर चालते तिला मात्र तिचा मोबदला आधी द्यावा. आणि दरवर्षी नवीन पाच जणांना शिकवावे, त्यांत मुलगे असावेत. सुई ही केवळ मुलींच्या हातची वस्तू आहे असे मानण्यास काही आधार नाही. प्रेषित पौल हे स्वतः राहुट्या करण्याचा व्यवसाय करीत, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात नमूद आहे.

ज्यांना यंदा प्रथमच हाती सुई धरावयाची आहे, त्यांनी सारे नमुने एकदम हाती घेऊ नयेत. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात एक तारा, संत निकोलस यांच्या सणाला एक मोजा आणि नाताळपूर्वीच्या आठवड्यात बाळंत्यातील बाळ, एवढे झाले तरी पुष्कळ. आगमनकाळाचा पट पुढील वर्षासाठी पावसाळ्यात शिवून ठेवता येईल. सर्व वाचकांच्या घरी शांतीचा नाताळ येवो, ही प्रार्थना.